कंसातली ताई

'मंगळ' हा शब्द आमच्या बाई तोंडाने कधी उच्चारत नसत. 'घटस्फोट' तर त्याहून नाही. असले शब्द आईबापांसमोर काढले की बिचाऱ्यांची मान खाली जाते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या होत्या. स्थळाच्या कार्डावर लाल शाईची चांदणी म्हणजे मंगळ. डॉलरचं चिन्ह म्हणजे मुलगा अमेरिकेत, नाहीतर गेलाबाजार मस्कतला. आणि चौकोनी कंसात दोनचा आकडा, असा [2], म्हणजे दुसरेपण. मग नवरा-बायको वेगळे झालेले असोत की एक जण वारलेला असो, सगळे एकाच कंसात. या खुणा मंडळाच्या आतल्या. बाहेर कुणाला सांगायच्या नाहीत, दाखवायच्या तर नाहीतच.

बाईंचं वधूवर सूचक मंडळ होतं उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. पुढच्या खोलीत एका सिंधी सरांचा कॉम्प्युटर क्लास आणि मागच्या खोलीत बाई. मी त्याच क्लासची विद्यार्थिनी, अंबरनाथ पूर्वेला राहणारी, नुकतीच बी. कॉम. झालेली आणि घरी बसून डोकं फिरलेली. नव्वद सालानंतरचे ते दिवस. कॉम्प्युटर म्हटलं की लोक चप्पल बाहेर काढून आत यायचे. बाईंनी सरांशी बोलून दुपारी बॅच नसेल तेव्हा मशीन वापरायचं ठरवलं आणि मशीनबरोबर मलाही ठेवून घेतलं. शेकडो कार्डं मी महिनाभर बसून टाइप केली. मुलींची एक फाइल, मुलग्यांची एक. एका माणसाची एक ओळ: नाव, वय, उंची, शिक्षण, नोकरी, पत्ता, आणि शेवटी बाईंची खूण.

मशीन होतं युनिक्सचं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउस वगैरे लाड नाहीत. शोधायचं असेल तर एकच हुकूम: ग्रेप. ग्रेप लिहायचं, पुढे काय शोधायचं ते, पुढे फाइलचं नाव. ते ज्या ज्या ओळीत असेल ती ती ओळ पडद्यावर. 'नर्स' म्हटलं की सगळ्या नर्सेस हजर. बाई तर हरखून गेल्या. दोन दिवसांत स्वतः एका बोटाने टाइप करायला लागल्या. मी म्हटलं, चला, आपली नोकरी पक्की.

डोंबल पक्की! पहिल्याच आठवड्यात एक वडील आले. मुलीला परदेशातलंच स्थळ हवं, दुसरं दाखवूच नका. बाईंनी ऐटीत ग्रेप टाइप केलं, पुढे डॉलर, पुढे मुलग्यांची फाइल. आणि ओळी ज्या सुटल्या त्या थांबेचनात! अख्खी फाइल धो धो वाहत गेली. बदलापूरचा भातगिरणीवाला अमेरिकेत, वांगणीचा भाजीवाला अमेरिकेत, आमच्या गल्लीतला रिक्षा चालवणारा तोसुद्धा अमेरिकेत. ते गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "बाई, एवढी मुलं गेली तर मग इथे राहिलं कोण?"

दुसऱ्या दिवशी एक आई आली, मुलीला कडक मंगळ. बाईंनी ग्रेपपुढे चांदणी टाइप केली. या वेळी पडद्यावर काहीच नाही. एक ओळ नाही. बाई कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "आपल्याकडे एकाही मुलाला नाही." त्या माउलीला वाटलं, कॉम्प्युटर म्हणतोय की कुणालाच नाही, म्हणजे तिच्या मुलीचाही गेला. तिने मशीनला हात जोडले. मी तोंडात ओढणी कोंबून बाहेर पळाले.

सरांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. मग खडू घेतला. म्हणाले, "बेटी, तेरी बाई के सारे निशान मशीन के भी निशान हैं." झालं होतं असं, की बाईंनी नेमकी तीच चिन्हं निवडली होती ज्यांना मशीनच्या लेखी आधीच दुसरा अर्थ होता. डॉलर म्हणजे ग्रेपच्या भाषेत 'ओळीचा शेवट', आणि शेवट काय, प्रत्येक ओळीला असतोच. चांदणीची तऱ्हा आणखी निराळी. ती ग्रेपपर्यंत पोचतच नव्हती. वाटेतच जो शेल नावाचा प्रोग्राम बसलेला असतो, त्याच्या लेखी चांदणी म्हणजे 'इथल्या झाडून सगळ्या फाइली'. तो चांदणी काढून घ्यायचा आणि तिच्या जागी फाइलींची नावं ठेवायचा. ग्रेप बिचारं मुलग्यांच्या यादीत फाइलचं नाव शोधत बसायचं.

"शेल म्हणजे सासू," सर म्हणाले. "सुनेचं पत्र आलं की आधी ती फोडते. म्हणून पाकीट चिकटवून पाठवायचं." पाकीट म्हणजे दोन बाजूंना अवतरण चिन्हं. आणि पाकिटाच्या आत, खुद्द ग्रेपनेही भलता अर्थ काढू नये म्हणून चिन्हाच्या आधी एक उलटी तिरकी रेघ मारायची, बॅकस्लॅश. "ये डंडी क्या बोलती है? बोलती है, दिमाग मत लगा. जो है, जैसा है, वैसा देख."

मी ते एका बैठकीत शिकले. बाईंनाही शिकवायला गेले, तर म्हणाल्या, "तुझ्या त्या काड्या तुलाच लखलाभ. मी ग्रेप लिहीन, पुढचं तू बघ." मी बघत होते. माझ्या हातून एकही रेघ चुकली नाही. उलट मला चेवच चढला होता. कुणी आगाऊपणा करणारी पार्टी आली, 'मुलगी गोरीच हवी' वगैरे, की मी मुद्दाम डॉलर मोकळा सोडायची. मग बसा अख्खी यादी चाळत संध्याकाळपर्यंत.

पण कंसाशी मी कधी चेष्टा केली नाही. त्या कंसात माझी ताई होती.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लग्न करून गेली आणि चार महिन्यांत एक बॅग घेऊन परत आली. का आली, ते बोलली नाही. आई आम्ही शाळेत असतानाच गेलेली. घरात बाबा, ते कारखान्यात नोकरीला, आणि आम्ही दोघी. बाबांनी चौकशी केली. पण कुणाकडे? तिच्या सासूकडे केली, मध्यस्थाकडे केली, वर कल्याणच्या ज्योतिषाकडे केली. सासू म्हणाली, मुलीचा स्वभाव तापट आहे, जमवून घेत नाही. बाबांनी ते धरलं आणि गप्प झाले. पुढे कागद झाले, ती मोकळी झाली, पण बाबा तिच्याशी सरळ बोलायचे नाहीत. मीठ हवं असेल तर मला म्हणायचे, "तिला मीठ द्यायला सांग." ताई समोरच बसलेली असायची! मला इतका राग यायचा की वाटायचं, अख्खी बरणी उपडी करावी ताटात.

आणि बाईंचा नियम होता, दुसरेपणाला दुसरेपण. कार्डांच्या काळात त्यांची पेटीच वेगळी होती. त्या पेटीतलं कार्ड या पेटीवाल्यांना दाखवायचं नाही. ताई सव्वीस वर्षांची, एका केमिकल कंपनीत टायपिस्ट, दिसायला माझ्यापेक्षा चांगली. पण मी नियमाप्रमाणे पाकिटात घालून, रेघा मारून \[2\] शोधलं की तिच्यासाठी निघायचे ते सगळे पंचेचाळीसच्या पुढचे. एकाला कॉलेजात जाणारी मुलगी होती. ताई ती यादी वाचायची, घडी घालायची आणि भाजी निवडायला बसायची. तिने आयुष्यभर असल्या याद्यांच्या घड्या घालायच्या की काय, याच्यापलीकडे मला तेव्हा काही सुचत नव्हतं.

अशात मी मामेबहिणीच्या लग्नाला कर्जतला गेले, दोन दिवस. तेवढ्यात बाबा स्वतः मंडळात गेले. त्यांना काय वाटलं कोण जाणे, बाईंना म्हणाले, माझ्यासमोर शोधा. बाईंनी शोधलं. ग्रेप लिहिलं, कंसात दोन लिहिलं, ना पाकीट, ना रेघ. मशीनने धडाधड ओळी काढल्या. बाई चकित, बाबा त्याहून चकित. बाईंनी सगळं छापून दिलं, शेवटचा खुणांचा रकाना सोडून, कारण खुणा बाहेर जाता कामा नयेत.

मी परत आले तर घरात निराळीच हवा. बाबा खुशीत. म्हणाले, "बघ, किती चांगली चांगली मुलं आहेत दुसरेपणाची. आजकाल फार मोडतात लग्नं." बदलापूरचा एक मुलगा त्यांनी निवडलाही होता. एकतीस वर्षांचा, बी. एस्सी., कंपनीच्या लॅबोरेटरीत. बाईंनी तिकडे ताईची माहिती कळवली होती, वय, उंची, शिक्षण. कंसाबद्दल अर्थातच चकार शब्द नाही. 'त्या विषयावर दोघांनी आपसात बोलावं' हे त्यांचं नेहमीचं. रविवारी सकाळी मंडळी येणार होती.

रविवारी मी ओट्यावर कांदा चिरत होते. पलीकडे ती यादी पडली होती, सहज चाळली. चौथ्या की पाचव्या ओळीवर माझ्याच वर्गातला एक मुलगा. बावीस वर्षांचा घोडा, अजून आईकडून बसचे पैसे घेणारा. म्हटलं, अगं बाई, याचं लग्न झालं कधी आणि मोडलं कधी? खाली आमच्या मागच्या बिल्डिंगमधला. तो तर पक्का बिनलग्नाचा. मी सुरी ठेवली. चौकोनी कंस! ग्रेपच्या भाषेत चौकोनी कंस म्हणजे 'आत लिहिलंय त्यातलं कुठलंही एक अक्षर ज्या ओळीत असेल ती'. आत होता दोन. आणि आमच्याकडे अख्ख्या पट्ट्याचा पिनकोड चारशे एकवीसने सुरू होतो! उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, सगळ्यांच्या पत्त्यात दोन. बाईंनी तीन गावांतल्या यच्चयावत कुमारांना एका फटक्यात घटस्फोटित करून टाकलं होतं.

मला हसू आवरेना, आणि मग एकदम आठवलं. म्हणजे तो बदलापूरचा मुलगा? त्याचं तर पहिलंच. आणि त्याच्या घरी ताईचं माहीतच नाही. बाहेर रिक्षा थांबली. बाबा "या, या" करायला लागले. ताई आतल्या खोलीतून आली, मोरपंखी साडी नेसून. परत आल्यापासून तिने पहिल्यांदा आपण होऊन रंगाची साडी काढली होती. मला म्हणाली, "निदान या वेळी बरोबरीचा माणूस आहे गं. त्याचंही तसंच झालंय. मान वर करून बोलता येईल."

आता मी काय सांगणार होते? तोंड उघडलं असतं तर ती आत जाऊन साडी सोडून बसली असती. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. मी पोह्यात मीठ घातलं आणि गडबडीत पुन्हा एकदा घातलं.

मुलगा आणि त्याची आई, दोघंच आले होते. मुलगा उंच, जरा वाकून चालणारा. आई तुरतुरीत, सगळं घर नजरेने मोजून घेणारी. चहा झाला, हवापाणी झालं, कंपनीत तीन पाळ्या की दोन ते झालं. मग त्याची आई म्हणाली, "विचारा हो तुम्ही मुलांनी एकमेकांना काय विचारायचं ते." अशा वेळी मुली साधारण 'बदली होते का' वगैरे विचारतात. ताईने सरळ त्याच्याकडे बघितलं.

"माझा एकच प्रश्न आहे. तुमचं का मोडलं?"

"काय मोडलं?" तो म्हणाला.

"लग्न."

मी दाराच्या चौकटीत, हातात पाण्याचे पेले.

त्याची आई ताडकन उभी राहिली. "अहो, माझ्या मुलाचं अजून पहिलंच व्हायचंय! मोडतंय काय?" मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे... तुमच्या मुलीचं झालेलं आहे की काय?" बाबांचा चेहरा पांढराफटक. ते "मंडळात म्हणाले... कॉम्प्युटर म्हणाला..." असं काहीतरी पुटपुटत होते. तिने पर्स उचलली, "चल रे, फसवणूक आहे ही," म्हणत चपलांकडे निघालीसुद्धा.

मुलगा उठला नाही. "आई, बस जरा. खातोय मी." आणि ते खारट पोहे, शप्पथ, तो खरंच खात होता. एक घास गिळून तो ताईला म्हणाला, "माझं नाही मोडलं. तुमचं का मोडलं?"

सांगते, आमच्या घरात हा प्रश्न तोवर कुणी ताईला विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. मला वाटायचं, तिला लागेल. ताईने पदर नीट केला आणि सांगितलं, जसं आहे तसं. लग्नाच्या आठव्या दिवशी नवरा तिला म्हणाला, माझं एकीवर प्रेम आहे, ती वेगळ्या जातीची, आई जीव देईन म्हणाली म्हणून तुझ्याशी लग्न केलं. तू घर सांभाळ, मी तिच्याकडे जात राहीन. ताईने सासूला सांगितलं तर सासू म्हणाली, मला माहीत आहे, त्यासाठीच तुला आणली. ताई चार महिने वाट बघत राहिली, मग बॅग भरली.

"ती मुलगी चांगली असेल," ताई म्हणाली. "माझं तिच्याशी भांडण नाही. पण मला कुणाचं झाकण व्हायचं नव्हतं."

त्याची आई चपला घालायची थांबली होती. एक पायात, एक हातात. जाताना फक्त "कळवतो" म्हणाली, पण सगळेच तसं म्हणतात.

रिक्षा गेली. बाबा खुर्चीतून हलले नव्हते. मग ते ताईकडे बघून बोलले, माझ्यामार्फत नाही. "मला का नाही सांगितलंस?"

ताई बशा गोळा करत होती. "तुम्ही विचारलंत कुठे?"

बाबा उठून गॅलरीत गेले. जेवायला बसलो तेव्हा त्यांनी स्वतः उठून मिठाची बरणी आणली. मला रडू फुटलं आणि मी ते कांद्यावर ढकललं. कांदा सकाळीच संपला होता.

सोमवारी मी बाईंसमोर बसून त्यांना आधी मोकळ्या कंसाने आलेली त्यांची यादी दाखवली, मग पाकीट आणि रेघा घालून खरी. पहिली पडदा भरून वाहिली. दुसरीत ते पाच-सहा काका. बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे देवा! मी किती घरं बुडवली गं?" मी म्हटलं, एकच, आमचं, आणि ते काही बुडालेलं नाही. तरी त्या धुसफुसत राहिल्या. आता तर नियम आणखी कडक, कंसाबाहेर कंसातलं नाव जाता कामा नये, ग्रेप फक्त मीच करायचं.

गुरुवारी दुपारी बॅच सुटली आणि तो आला, एकटाच. कंपनीतून परस्पर, अंगाला फिनेलसारखा वास. बाईंसमोर बसला आणि म्हणाला, "अंबरनाथच्या त्या मुलीचं मला पुढे न्यायचंय."

बाई खुर्चीत ताठ झाल्या. "हे बघा, झाली ती आमची चूक. त्या वेगळ्या यादीतल्या आहेत. तुमचं नाव त्या यादीत नाही. मंडळाचा नियम आहे."

"मग मला त्या यादीत घाला."

"असं कसं? तुमचं अजून एकदाही..."

"बाई, माझ्या आईने आजवर किती मुली बघितल्या, मोजदाद नाही. एकीनेही मला काही विचारलं नाही. हिने एकच विचारलं आणि स्वतःचं सगळं सांगितलं." मग जरा चाचरत म्हणाला, "आई तीन दिवस भांडली. काल म्हणाली, त्या पोरीला तरी विचार, तू चालतोस का तिला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे. माझ्या बोटांना मात्र राहवेना. मी मुलग्यांची फाइल उघडली, त्याची ओळ काढली, आणि ओळीच्या शेवटी कंस, दोन, कंस. फाइल बंद केली. मग पाकीट चिकटवून, दोन्ही रेघा मारून, अगदी काटेकोर ग्रेप केलं. ते पाच-सहा काका आले आणि त्यांच्यामागे हा, एकतीस, बी. एस्सी., बदलापूर.

"बाई," मी म्हटलं, "नियमात बसतंय."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "छाप." आणि मग दुसरीकडे बघत, "खुणेसकट छाप."

घरी आले तेव्हा ताई भाजी निवडत होती. मी यादी तिच्यापुढे धरली. ती नेहमीसारखी वरून खाली वाचत गेली, शेवटच्या ओळीवर थांबली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "हा दुसरेपणाचा कधी झाला?"

"आज दुपारी. मीच केला. त्यानेच सांगितलं. विचारतोय, तुला चालेल का."

ताई माझ्याकडे बघत राहिली आणि मग जी हसत सुटली! मेथीची जुडी मांडीवरून घरंगळली तरी थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. आतून बाबांचा आवाज आला, "काय झालं गं?"

मी तोंड उघडलं, पण ताईने हाताने मला गप्प केलं. डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, इकडे या. मी सांगते."